धावत्या वर्णनाचा हक्क कुणाचा?

निपाणीपासून कोल्हापूरचे शाहू स्टेडियम तासाभराच्या अंतरावर आहे. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरला की गोवा. फुटबॉलवेड्या या दोन मुलखांच्या मधोमध सीमाभागातला मराठी श्रोता राहतो. तरीही फुटबॉलचे धावते वर्णन विकण्या-विकत घेण्याचा धंदा इकडे रुजला नाही. त्याची कारणे बरीच मागे जातात.

२२ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीने लंडनच्या हायबरी मैदानातून आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड सामन्याचे वर्णन ऐकवले. मैदानाचे चौकोन पाडलेला नकाशा आधीच छापून श्रोत्यांच्या हाती दिला होता, म्हणजे चेंडू कुठे आहे ते घरबसल्या कळावे. क्लबांना मात्र धास्ती वाटू लागली: फुकट ऐकायला मिळाले तर तिकीट कोण काढणार? १९३१ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल लीगने आपल्या सामन्यांचे वर्णन बंदच करून टाकले. गल्ल्याच्या या काळजीतूनच पुढे हक्कांची भाषा आली.

पण खेळ मुळात कुणाच्या मालकीचा असतो का? सिडनीत एकाने रेसकोर्सशेजारच्या आपल्या जागेत मचाण उभारून रेडिओवरून शर्यतींचे वर्णन करू दिले. रेसकोर्सवाले कोर्टात गेले आणि १९३७ मध्ये हरले. डोळ्यांना दिसणाऱ्या खेळावर मालकी सांगता येत नाही, असे ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ठरवले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. संयोजकाच्या हाती उरते ते मैदानाचे फाटक, आणि आत बसून बोलण्याची परवानगी. आज इंग्लंडची प्रीमियर लीग हीच परवानगी सामन्यांचे गट पाडून विकते. बीबीसी आणि टॉकस्पोर्ट हे रेडिओ केंद्र ती विकत घेतात.

आपल्याकडे अनेक दशके गिऱ्हाईक एकच होते, आकाशवाणी. दुसरा घेणाराच नसेल तर भाव ठरणार कसा? प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले, तेही क्रिकेटच्या खटल्यात. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले. जाहिरातींच्या उत्पन्नात हक्कधारकाचा वाटा टीव्हीसाठी किमान ७५ टक्के, रेडिओसाठी किमान ५० टक्के. रेडिओ हक्कांचे वजन त्यातच कळते. २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने १५ वर्षांसाठी ७०० कोटींचा व्यापारी करार केला, तेव्हाही सगळ्यांचे लक्ष टीव्हीवरच होते.

खासगी एफएमला २०११ च्या धोरणाने एक फट ठेवली: स्थानिक स्वरूपाच्या सामन्यांचे थेट वर्णन करता येईल. बेळगाव किंवा खानापूरच्या मैदानावरची स्पर्धा त्यात सहज बसते, वर्णन मराठीत असो वा कन्नडमध्ये. कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना बेळगावच्या केंद्राने स्थानिक मानावा का? माझ्या मते मानावा. मध्ये राज्याची सीमा असली तरी त्या संघांचे चाहते निपाणी-चिकोडीतही आहेत.