हिमाच्छादन आणि पर्वतीय परिसंस्था

उंच पर्वतांवरील हंगामी बर्फ, बारमाही हिमक्षेत्रे आणि हिमनद्या यांचा तिथल्या जीवसृष्टीवर होणारा परिणाम. जमिनीचे तापमान किती राहील, झाडे कुठवर चढतील, फूल कधी उमलेल, ओढ्याला ऐन उन्हाळ्यात पाणी राहील की नाही, या सगळ्यावर बर्फाचा थर आणि त्याचा मुक्काम यांचा ताबा असतो.

गोव्यात बर्फ पडत नाही. सत्तरीतला सोसोगड हा राज्यातला सर्वांत उंच डोंगर. त्याची उंची बाराशे मीटरही नाही. तरीही या विषयाच्या भारतातील अभ्यासाचे एक मोठे केंद्र गोव्यात आहे. वास्कोच्या हेडलँड सड्यावरील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राची सुरुवात १९९८ साली झाली. त्याआधी, ६ डिसेंबर १९८१ रोजी, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली होती. २०१६ साली या केंद्राने हिमाचल प्रदेशातील स्पिती भागात १३,५०० फुटांहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे संशोधन स्थानक उभारले. चंद्रा नदीच्या खोऱ्यातील सुत्री ढाका, बातल, समुद्र टापू, बडा शिग्री अशा हिमनद्यांवर तेथून लक्ष ठेवले जाते.

बर्फ म्हणजे गारठा, असे सपाटीवरच्या माणसाला वाटते. डोंगरातल्या जीवांसाठी मात्र बर्फ हा आधी आडोसा असतो, आणि हा विषय समजून घेताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ताज्या बर्फाची घनता पाण्याच्या एक दशांश किंवा त्याहूनही कमी असते. बाकी सगळी कोंडलेली हवा. ही हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. अर्ध्या मीटरचा मऊ थर साचला की वर पारा शून्याखाली वीस अंशांवर गेला तरी खालची माती शून्याच्या आसपासच राहते. जमिनीतल्या उबेमुळे थराच्या तळाशी बर्फाची वाफ होत राहते. ती वर सरकते आणि तळाशी रवाळ, भुसभुशीत स्फटिक उरतात. त्यांच्यामधून लहान प्राण्यांना वाट काढता येते. उंदरांच्या कुळातले प्राणी इथेच हिवाळा काढतात. सशाच्या गणातला, शेपूट नसलेला पिका शीतनिद्रा घेत नाही. त्याच्या काही जाती उन्हाळ्यात गवत, पाने तोडून दगडांच्या कपारीत साठवतात आणि बर्फाखाली त्या साठ्यावर दिवस काढतात. खारींच्या कुळातला हिमालयी मार्मोट मात्र खोल बिळात अर्धे वर्ष झोपून काढतो.

बर्फाखालची मातीही निपचित नसते. सूक्ष्मजीव तिथे हिवाळाभर पालापाचोळा कुजवत राहतात. वसंतात बर्फ वितळतो तेव्हा त्यांतले बरेच मरतात, त्यांच्या शरीरातला नायट्रोजन मातीत सुटतो आणि नुकत्याच जाग्या होणाऱ्या मुळांना तो मिळतो. हिवाळ्यात बर्फ कमी पडला, म्हणजे हा आडोसाच पातळ झाला, की माती उबदार राहण्याऐवजी उलट जास्त गोठते, मुळे मरतात आणि पुढच्या उन्हाळ्याचे कुरण खुरटते. हवामान उष्ण होत असताना जमीन मात्र थंडीने पोळते, ही बाब तापमानवाढीच्या चर्चेत फारशी ऐकू येत नाही. ती यायला हवी.

बर्फ सगळीकडे सारखा साचत नाही. वाऱ्याच्या तोंडावरचा कडा उघडा पडतो, तर शेजारच्या खळग्यात दोन-तीन मीटरचा थर जमतो. उघड्या कड्यांवर जमिनीला चिकटून, गच्च वाढणाऱ्या वनस्पतीच टिकतात. आयबेक्स आणि भरल या रानटी शेळ्या-मेंढ्यांना भर हिवाळ्यात सुकलेले गवत तिथेच मिळते, आणि त्यांच्या मागावर हिमबिबट्याही तिथे येतो. खळग्यातला बर्फ जून-जुलैपर्यंत रेंगाळतो. तो जसजसा मागे हटतो, तशा त्याच्या ओल्या कडेने प्रिम्युला आणि बटरकप उमलत जातात. चार पावलांच्या अंतरावर फुलण्याच्या तारखांत काही आठवड्यांचा फरक पडतो. त्यामुळे मधमाश्या-भुंग्यांना बराच काळ फुले मिळत राहतात आणि मेंढ्यांना कोवळा चारा. उन्हाळ्यात स्पितीशेजारच्या लाहौलकडे कळप नेणारे गद्दी मेंढपाळ याच क्रमाने वर सरकतात.

गोव्याच्या वाचकाला ही घाई ओळखीची वाटेल. आपल्या जांभ्याच्या सड्यांवर पाऊस पडताच गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू यांना चार महिन्यांत उगवणे, फुलणे, बी धरणे उरकावे लागते. तिथे काळाची मर्यादा बर्फ घालतो, इथे पावसाळा. मात्र सड्यावरची वनस्पती कोरड्या काळाला तोंड देते, तर हिमालयातली वनस्पती ओल असूनही ती ओल गोठलेली असते म्हणून थांबते.

पश्चिम हिमालयात साधारण ३,५०० ते ३,९०० मीटरवर झाडे संपतात. शेवटच्या पट्ट्यात भूर्ज आणि झुडपी ऱ्होडोडेंड्रॉन असतात. उतारावरून सरकणाऱ्या बर्फाच्या दाबाने भूर्जाचे खोड बुंध्याशी वाकते आणि मग वर वळते. लवचीक फांद्या दबतात, पण तुटत नाहीत. हिमस्खलनाच्या नेहमीच्या वाटांवर मोठी झाडे टिकतच नाहीत. तिथे हिरवे, उघडे पट्टे तयार होतात आणि वसंतात तपकिरी अस्वले तिथे चरताना दिसतात.

हिमनदीच्या अंगावरही वस्ती असते. वाऱ्याने आलेली काळी धूळ ऊन शोषते, खालचा बर्फ वितळवते आणि पाण्याने भरलेली बोटभर ते हातभर रुंद भोके तयार होतात. त्यांत जीवाणू, शेवाळ, सूक्ष्म प्राणी राहतात. १९८४ मध्ये शिरो कोशिमा यांनी नेपाळमधील ‘याला’ नावाच्या हिमनदीवर उणे १६ अंशांतही हालचाल करणारा, पंख आखूड झालेला चिलटवर्गीय कीटक आढळल्याचे नोंदवले. असे कीटक खालच्या ओढ्यांतल्या गार पाण्याशीही जुळवून घेतात.

हिमनद्यांनी कोरलेल्या रुंद दऱ्या, गाळ-दगडांचे हिमोढ आणि त्यांनी अडवलेली तळी हा भूरूपशास्त्राचा विषय. येथे इतकेच, की दळलेल्या खडकाची पीठासारखी भुकटी ओढ्यांना दुधाळ करते, पाण्यात ऊन शिरू देत नाही आणि म्हणून अशा ओढ्यांत शेवाळ कमी वाढते.

स्पिती पर्जन्यछायेत आहे. तिथला बर्फ मुख्यतः हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींमुळे पडतो. वाटाणा आणि जव यांची शेते बर्फाचे पाणी आणणाऱ्या पाटांवर उभी आहेत.

हिमनदी किती वितळली हे मोजण्याची रीत साधी आहे. वाफेच्या यंत्राने बर्फात खोल भोक पाडून बांबू रोवतात आणि काही काळाने बांबू किती उघडा पडला ते पाहतात. दगडमातीचा पातळ थर वितळणे वाढवतो, जाड थर रोखतो. म्हणून खालचा भाग दगडांनी झाकलेली बातल आणि बव्हंशी स्वच्छ बर्फाची सुत्री ढाका शेजारी असूनही वेगळ्या वागतात.

हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या, असे आयसीमोड या काठमांडूतील आंतरराष्ट्रीय पर्वतविकास संस्थेने २०२३ साली नमूद केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक तळे फुटले आणि तीस्ता खोऱ्यात मोठी हानी झाली. लाहौलमधील गेपांग गथ हिमनदीसमोरचे तळेही वाढत आहे. बर्फ हटलेल्या जागी आधी दगडफूल आणि शेवाळी येते, मग एपिलोबियमसारखी रेताड जमिनीवरची रोपे, आणि बऱ्याच दशकांनी कुरण. मात्र हिमनदीच्या गार पाण्यावरच जगणाऱ्या कीटकांना त्याहून वर सरकायला जागा उरत नाही.