स्लाइडवर दिसली, कल्चरमध्ये उगवली नाही

"पहिल्या कागदावर बुरशी आहे म्हणता, दुसऱ्यावर नाही म्हणता. मग थेंब बंद करू का?" मुरबाडहून आलेल्या एका मावशींनी ठाण्यातल्या आमच्या लॅबच्या खिडकीशी हे विचारलं. भात झोडताना त्यांच्या डोळ्यात कुसळ गेलं होतं. दोन्ही कागद त्यांच्याच डोळ्याचे होते आणि दोन्ही बरोबर होते. थेंब मात्र बंद करायचे नव्हते.

'बुरशीची तपासणी' या एका नावाखाली दोन वेगळ्या तपासण्या चालतात, केओएच (काचेच्या स्लाइडवर मायक्रोस्कोपखाली बघणं) आणि कल्चर (नमुना वाढवून बघणं). घोळ तिथेच होतो. नमुना एकच असतो. डॉक्टर डोळा बधिर करणारे थेंब टाकतात आणि बुबुळावरच्या जखमेच्या कडेची व तळाची खरवड पात्याने घेतात. ती इतकीशी असते की नीट दिसतही नाही, आणि तीच दोन्हीकडे वाटायची असते.

केओएचसाठी खरवडीचा कण काचेवर ठेवून त्यावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडतात आणि वर कव्हरस्लिप ठेवतात. या अल्कलीने बुबुळाच्या पेशी आणि पू विरघळून पारदर्शक होतात. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, ते त्याला दाद देत नाही. मागे उरतात ते फांद्या फुटलेले, मधेमधे आडवे पडदे असलेले धागे. साधा मायक्रोस्कोप पुरतो, उत्तर त्याच दिवशी मिळतं. बघणारा मात्र मुरलेला हवा, कारण कापसाचा तंतूसुद्धा नवख्याला बुरशीच्या धाग्यासारखा वाटतो.

कल्चर म्हणजे पेरणी. साबुरो डेक्स्ट्रोज अगार म्हणजे बुरशी वाढवायच्या खाद्याच्या प्लेटवर इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या रेघा ओढून खरवड लावतात आणि प्लेट 25 ते 30 अंश तापमानात ठेवतात. रेघेवर उगवलं तर ते डोळ्यातलं मानायचं, रेघेबाहेर उगवलं तर बहुधा हवेतलं. काही प्लेटांवर दोन-तीन दिवसांतच वाढ दिसते, पण 'वाढ नाही' असं लिहिण्याआधी आम्ही दोन आठवडे थांबतो. बुरशी कोणती, फ्युसेरियम की अस्परजिलस, हे नाव कल्चरच सांगतं.

खरा फरक असा, की स्लाइडवर मेलेली बुरशीही दिसते, कल्चरला जिवंत लागते. नमुना घेण्याआधीच बुरशीचं औषध सुरू झालं असेल, किंवा कणातला बराचसा भाग स्लाइडवरच संपला असेल, तर प्लेट कोरी राहते. मावशींचं तसंच झालं होतं, गावाकडे चार दिवस थेंब घालून त्या आल्या होत्या. कोऱ्या प्लेटने स्लाइडवर दिसलेले धागे खोटे ठरत नाहीत. नेटामायसिन आणि व्होरिकोनॅझोल या बुरशीवरच्या दोन औषधांची तुलना करणारी चाचणी दक्षिण भारतात झाली, 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 323 रुग्ण घेतले ते स्लाइडवर बुरशी दिसल्याच्या आधारावर. सगळ्यांचं कल्चर उगवलं नव्हतं.

उलट बाजूही आहे. जखम खोलवर असेल तर वरच्या खरवडीत धागे येत नाहीत, म्हणून स्लाइड निगेटिव्ह आली तरी संशय सोडू नये. आणि पिथियम नावाचा एक जीव स्लाइडवर हुबेहूब बुरशीसारखा दिसतो, पण तो बुरशी नाही. नेटामायसिन बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉल या घटकाला धरतं, पिथियममध्ये ते नसतंच. नेटामायसिन घालूनही जखम पसरत राहिली तर पुन्हा खरवड घेऊन पिथियमसाठी कल्चर लावावं लागतं. इथे स्लाइडपेक्षा कल्चर मोठं.

म्हणून खरवड घेण्याआधी कोणते थेंब, कधीपासून घातले ते सांगा, बाटल्या सोबत आणा. मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले असतील तर तेही लपवू नका, त्याने बुरशी फोफावते. स्लाइडचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी मागा, कल्चरसाठी उपचार अडवून ठेवू नका. मावशींना मी हेच सांगितलं आणि दोन्ही कागद एकत्र टाचून डॉक्टरांकडे परत पाठवलं.