बादलीदिवा: बसवण्याआधी एवढे वाचा

बादलीदिवा म्हणजे शॉवरमधून किती बादल्या पाणी गेले ते दाखवणारा आमचा न्हाणीतला दिवा. गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत कुणाला पाणी जपून वापरा म्हटले तर तो हसणारच. मे महिन्यात ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी एक दिवस चुकले की मात्र फोंड्यात काय नि पणजीत काय, टँकरवाल्याचा नंबर शोधायची धावपळ सुरू होते.

सरकारी मीटर फाटकापाशी, झाकणाखाली. बिल महिन्याने. पाणी जाते ते न्हाणीत, आत्ता. 1 सप्टेंबर 2021 पासून महिन्याला 16 घनमीटर पाणी मोफत देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा गिऱ्हाइके विचारायची, "16 घनमीटर म्हणजे किती हो?" दिवसाला साधारण 533 लिटर, असे सांगितले तरी चेहरा कोराच. 15 लिटरच्या पस्तीस बादल्या म्हटले की लगेच हिशेब सुरू! म्हणून आमचा दिवा लिटर सांगत नाही, बादल्या दाखवतो.

शॉवरच्या पाइपात एक छोटी भिंगरी बसते. तिच्यात लोहचुंबक असतो. पाणी वाहिले की ती फिरते आणि फेरे मोजले जातात. भिंतीवर पाच ठिपके. एक बादली संपली की एक ठिपका उजळतो. दाब चांगला असेल तर साधा शॉवर मिनिटाला दहा लिटर सहज ओततो, म्हणजे दीड मिनिटात एक बादली. साबण लावताना नळ बंद केलात तर ठिपके आहेत तिथेच थांबतात. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो: तिसरा ठिपका लागायच्या आत बाहेर!

आमच्या पहिल्या नमुन्यात शिट्टी होती. एका घरी आजींनी तिच्यावर पंचा टाकला, पुढच्या खेपेला पाहिले तर बॅटरीच काढलेली. न्हाताना कोण ओरडून घेणार? शिट्टी गेली. तांबडा दिवाही काढला, कारण तो लागला की लोक "आता गेलेच आहे तर" म्हणून आणखी पाच मिनिटे उभे राहत. शेजाऱ्यांशी तुलना करणारा आकडाही मुद्दाम ठेवलेला नाही. आपण इतरांपेक्षा कमी वापरतो हे कळले की माणूस ढिला पडतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. ठिबकणारा नळ हा दिवा पकडत नाही, तेवढ्या धारेने भिंगरी हलत नाही. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर. तिथे वायसर बदलायला प्लंबरच लागतो. गच्चीवरची टाकी शॉवरच्या फारशी वर नसेल तर दाब कमी पडतो, तेव्हा आधी आमचा माणूस येऊन पाहील.

विहिरीचे पाणी वापरत असाल तर भिंगरीआधीची जाळी दर महिन्याला धुवा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. तांबडा गाळ बसला की भिंगरी जड होते आणि दिवा बादल्या कमी दाखवू लागतो. घरातली मंडळी अचानक फारच शहाणी झालेली दिसली तर आधी जाळी काढून पाहा.