स्टॅकिंग आणि कोब्रा: वजन मॉडेलला की नमुन्याला?

अंदाज सांगणारी तीन-चार मॉडेलं एकत्र केली की लोक "सरासरी काढली" म्हणून मोकळे होतात आणि मॉडेलं जोडायच्या कोब्रा या पद्धतीलाही त्याच पोत्यात भरतात. हे मला मनापासून खटकतं.

स्टॅकिंग ही मॉडेलं जोडायची दुसरी पद्धत, १९९२ मध्ये वोल्पर्टने मांडली, १९९६ मध्ये ब्रायमनने रिग्रेशनला (म्हणजे आकड्याचा अंदाज बांधायला) लावली, प्रत्येक मॉडेलला वजन द्यायचं आणि प्रेडिक्शनची बेरीज करायची. मॉडेलांनी शिकताना न पाहिलेला डेटा दोन्हीकडे लागतो, स्टॅकिंग क्रॉस-व्हॅलिडेशन करतं (आळीपाळीने डेटाचा एकेक तुकडा बाजूला ठेवून तपासतं), कोब्रा डेटाचे दोन भाग करतो, त्यात अडकू नका.

खरी गोम पुढे आहे. समजा काळ्या मातीचा नमुना आहे आणि चिकणमाती किती टक्के ते तीन मॉडेलं ४८, ५० आणि ५५ सांगतायत. वजनं ०.५, ०.३, ०.२ असतील तर स्टॅकिंगचं उत्तर ५०. कोब्रा (बियो आणि सहकारी, २०१६) हे आकडे उत्तरात मिसळतच नाही! तो राखून ठेवलेल्या भागात असे नमुने शोधतो जिथे पहिलं मॉडेल ४८ च्या आसपास, दुसरं ५० च्या, तिसरं ५५ च्या आसपास बोललं होतं, आणि त्या नमुन्यांची लॅबमधली खरी चिकणमाती बघतो. ती ५८, ६० आणि ६२ निघाली तर उत्तर ६०, म्हणजे तिन्ही मॉडेलांच्या वर. मॉडेलं इथे फक्त असे जुळणारे नमुने, म्हणजे शेजारी, ओळखायला आहेत, म्हणून एखादं कायम १० ने कमी सांगत असलं तरी काही बिघडत नाही, शेजारीसुद्धा त्याच चुकीच्या फूटपट्टीने मोजलेले असतात.

रिस्पॉन्स (अंदाज बांधायचे आकडे) अनेक असले की मला कोब्राच आवडतो. वाळू, पोयटा, चिकणमाती मिळून १०० टक्के व्हायलाच हवेत. घटकागणिक वेगळी वजनं काढून स्टॅकिंग केलं की बेरीज ९७ किंवा १०४ येऊ शकते आणि मग लोक ठोकून-ठाकून १०० करतात, ते कृपा करून करू नका. कोब्रात तिन्ही घटकांसाठी शेजारी तेच ठेवा, खऱ्या नमुन्यांची सरासरी असल्याने बेरीज आपोआप १०० राहते. फक्त तीन मॉडेलं गुणिले तीन घटक म्हणजे नऊ आकडे एकदम जुळावे लागतात, त्यामुळे "आसपास" म्हणजे किती जवळ ही मर्यादा फार घट्ट धरली तर शेजारी एकही सापडत नाही, तेव्हा ती सैल करा किंवा तिनापैकी दोन मॉडेलं जुळली तरी चालवून घ्या.