व्हँकूव्हर-पॉइंट ग्रे : एका शहरी मतदारसंघाची पार्श्वभूमी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मुख्यमंत्र्याला प्रीमियर म्हणतात. गॉर्डन कॅम्पबेल, क्रिस्टी क्लार्क आणि २०२२ मध्ये या पदावर आलेले डेव्हिड ईबी हे तिघेही व्हँकूव्हर-पॉइंट ग्रेचे आमदार. त्यामुळे हा मतदारसंघ बातमीत आला की 'प्रीमियरची जागा' एवढंच बोललं जातं. त्याचा नकाशा मात्र त्याहून बराच जुना आणि गुंतागुंतीचा आहे.

पॉइंट ग्रे म्हणजे व्हँकूव्हरच्या पश्चिमेचं भूशिर. १७९२ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरने आपल्या एका नौदल-मित्राचं नाव त्याला दिलं. मस्क्वीम या मूळ रहिवासी लोकांची वस्ती तिथे त्याच्या कितीतरी आधीपासूनची. १९०८ मध्ये साउथ व्हँकूव्हरपासून फुटून पॉइंट ग्रेची स्वतंत्र नगरपालिका झाली आणि १ जानेवारी १९२९ रोजी ती व्हँकूव्हर शहरात विलीन झाली. शहराचा नकाशा बदलल्यावर मतदारसंघ जुनेच ठेवून चालणार नव्हतं. तोवर अख्खं 'व्हँकूव्हर सिटी' एकगठ्ठा सहा आमदार पाठवत असे. १९३३ च्या निवडणुकीला शहराचे तुकडे पाडले गेले, आणि त्यात तीन आमदारांचा व्हँकूव्हर-पॉइंट ग्रे जन्माला आला.

एका मतदारसंघात तीन आमदार, हे पुण्या-ठाण्याच्या वाचकाला नवं वाटू नये. महापालिकेचा बहुसदस्यीय प्रभाग आपण पाहतोच. भारतातही १९५२ आणि १९५७ ला द्विसदस्यीय मतदारसंघ होते, पण तिथे एक जागा राखीव असे. पॉइंट ग्रेत राखीव काहीच नव्हतं. उलट १९३३ च्या मतदारयादीत चिनी, जपानी आणि भारतीय वंशाच्या लोकांना स्थानच नव्हतं. चिनी आणि भारतीयांना प्रांतिक मताधिकार मिळाला १९४७ मध्ये, जपान्यांना आणि मस्क्वीमसारख्या मूळ रहिवाशांना १९४९ मध्ये. सीमारेषेच्या आत राहायचं आणि यादीच्या बाहेर, अशी ती चौदा ते सोळा वर्षं.

या जागेला विद्यापीठाचा वास पहिल्यापासून आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ, म्हणजेच यूबीसी, १९२५ मध्ये भूशिराच्या टोकाशी हललं. १९३३ ला निवडून आलेले जॉर्ज वीअर तिथले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. ते शिक्षणमंत्री झाले. १९५२ मध्ये इथल्याच टिली रोल्स्टन शिक्षणमंत्री झाल्या, आणि कॅनडात स्वतंत्र खातं सांभाळणारी पहिली महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९७५ ला पॅट मॅकगीर, मेंदूवर संशोधन करणारे यूबीसीचे प्राध्यापक, त्याच खुर्चीत बसले. 

१९६६ मध्ये तीनाच्या दोन जागा झाल्या. दोन मतं हातात असली की मतदार काय करतो, ते १९८६ ला दिसलं. एक जागा उजव्या सोशल क्रेडिटच्या किम कॅम्पबेल यांना मिळाली (पुढे १९९३ मध्ये त्या देशाच्या पंतप्रधान झाल्या), दुसरी डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या डार्लीन मार्झारी यांना. मला ही सगळ्यात बोलकी निवडणूक वाटते. मिश्र वस्तीचं मिश्र उत्तर एकाच निकालात उमटलं.

पण ही पद्धत टिकणार नव्हती. न्यायाधीश फिशर यांच्या मतदारसंघ-रचना आयोगाने १९८८ मध्ये बहुसदस्यीय मतदारसंघ मोडीत काढायला सांगितलं. १९८९ मध्ये प्रांताच्या उच्च न्यायालयात न्या. बेव्हर्ली मॅक्लाक्लिन यांनी मतदारसंख्येतली भलीमोठी तफावत घटनाबाह्य ठरवली. उत्तर टोकाच्या ॲटलिनमधल्या एका मताचं वजन शहरातल्या मताच्या कित्येक पट भरत होतं. गंमत अशी, की याच चिमुकल्या ॲटलिनने १९४९ मध्ये फ्रँक काल्डर हा पहिला मूळ रहिवासी आमदार दिला होता. निव्वळ समान आकड्यांच्या हिशेबात ही गोष्ट बसत नाही.

१९९१ ला विधानसभा ७५ जागांची झाली. प्रत्येक मतदारसंघात आता एकच आमदार. पॉइंट ग्रेचा केरिसडेल, डनबारकडचा सधन भाग नव्या व्हँकूव्हर-क्विलचेनात गेला. विद्यापीठ, वेस्ट पॉइंट ग्रे आणि किट्सिलानोची भाडेकरू वस्ती इथे राहिली. तेव्हापासून जागा चुरशीची झाली. क्लार्क यांनी २०११ ची पोटनिवडणूक ईबींविरुद्ध थोडक्यात जिंकली. २०१३ ला त्यांच्या पक्षाने प्रांत राखला, पण इथे त्या ईबींकडूनच हरल्या आणि त्यांना दुसरीकडून निवडून यावं लागलं. त्या काळात मतदान मे महिन्यात होई, सत्र संपून वसतिगृहं ओस पडल्यावर. पुढे ते कायद्याने ऑक्टोबरात गेलं.

आणखी एक विचित्र गोष्ट नकाशावर चटकन दिसत नाही. विद्यापीठाचा परिसर आणि त्याला लागून असलेली 'एंडोमेंट लँड्स' ही वस्ती व्हँकूव्हर महापालिकेच्या हद्दीत येतच नाही. तिथले रहिवासी शहराच्या महापौरासाठी मत देत नाहीत. एंडोमेंट लँड्सचा कारभार प्रांतिक सरकार थेट पाहतं. रस्ता, पाणी, बांधकाम परवाना अशी तक्रार असली, तर तिथल्या माणसाला नगरसेवकच नाही. तो आमदाराकडे जातो.