दात (मानवी)

अन्न तोडणे व दळणे, उच्चार स्पष्ट करणे आणि ओठ-गालांना आतून आधार देणे ही कामे करणारे, जबड्याच्या खोबणींत बसलेले कठीण अवयव. माणसाला दोन वेळा दात येतात : दुधाचे २० आणि कायमचे ३२. दाताला हाड समजण्याची चूक सर्रास होते. हाडात पेशींचे काम सतत चालू असते, म्हणून मोडलेले हाड जुळून येते. दाताच्या बाहेरच्या थरात मात्र एकही जिवंत पेशी नसते. दातांची निगा का राखावी लागते, ते या एका फरकातून कळते.

हा बाहेरचा थर म्हणजे दंतवल्क किंवा एनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने तो सुमारे ९६ टक्के खनिज असतो, मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेटचे स्फटिक. तो घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा होतात, त्यामुळे झिजलेले किंवा किडलेले एनॅमल शरीर पुन्हा घडवू शकत नाही. त्याखालच्या दंतिनात खनिज सुमारे ७० टक्के, उरलेले कोलॅजेन (एक तंतुमय प्रथिन) व पाणी. तेवढ्याने येणारा लवचीकपणा चावण्याचा ताण सोसतो आणि वरचे एनॅमल तडकण्यापासून वाचवतो. दंतिनात द्रवाने भरलेल्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. हिरडी खाली सरकून किंवा एनॅमल झिजून त्या उघड्या पडल्या, की थंड पाण्याने आतला द्रव हलतो आणि कळ उठते. कैरी किंवा आंबाडे खाल्ल्यावर दात आंबतात, तेव्हा आम्लाने एनॅमलचा पृष्ठभाग तात्पुरता मऊ झालेला असतो. म्हणून आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता अर्धा-पाऊण तास थांबावे.

गाभ्यात दंतमज्जा, म्हणजे रक्तवाहिन्या व मज्जातंतू. चारी बाजूंनी कठीण भिंती असल्याने तिला सूज आली की पसरायला जागा मिळत नाही; दाढदुखी असह्य होण्याचे हे मोठे कारण आहे. मुळावर सिमेंटमचा पातळ थर असतो. त्यापासून जबड्याच्या हाडापर्यंत तंतूंचे आवरण असते आणि दात त्यावर झोपाळ्यासारखा तोललेला असतो. हे तंतू विलक्षण संवेदनशील आहेत. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्यातली केसाहून बारीक रेवसुद्धा दाताखाली आली की लगेच कळते ती त्यांच्यामुळेच.

कायमच्या दातांत पटाशीचे ८, सुळे ४, उपदाढा ८ आणि दाढा १२. चिवट पोळीचा तुकडा तोडायला पटाशी व सुळे लागतात, तर ओले खोबरे किंवा काजूगर दळायला दाढांचा रुंद, खाचाखोचांचा माथाच हवा. अक्कलदाढा साधारण १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान येतात. कित्येकांना त्या अडकून बसतात, काहींना येतच नाहीत. त, थ, द, ध, न उच्चारताना जीभ वरच्या दातांना टेकते, म्हणून दात पडलेल्या माणसाच्या बोलण्यात हे वर्ण आधी बिघडतात.

पहिला दुधाचा दात सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत वीसही पुरे होतात. ‘ते पडायचेच आहेत’ म्हणून त्यांची हयगय करणे महागात पडते, कारण त्यांच्याखाली वाढणाऱ्या कायमच्या दातांची जागा तेच राखून ठेवतात. याहून मोठी गफलत सहाव्या वर्षी होते. त्या वयात पहिली कायमची दाढ दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता, गुपचूप उगवते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ही दाढ जन्मभर पुरायची असते आणि नेमकी तीच पुष्कळदा सर्वांत आधी किडते.

तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. आम्लता वाढून पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. लाळ हळूहळू आम्ल निवळून काही खनिजे परत बसवते. त्यामुळे साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली याला अधिक महत्त्व आहे. चवथीच्या दिवसांत येता-जाता तोंडात टाकलेल्या नेवऱ्या किंवा दातांत रुतणारा दोदोल (गोव्याची चिकट मिठाई) जेवणाबरोबर एकदाच खावा, हे बरे. फ्लोराइड एनॅमलला आम्लापुढे टिकाव धरायला मदत करते.

गोव्यात आंब्याच्या पानाने, राखेने किंवा मिठाने दात घासण्याची जुनी चाल होती. पान निरुपद्रवी, खरखरीत राख मात्र एनॅमल झिजवते. मशेरी तर भाजलेली तंबाखूच असते. तिने हिरड्या बिघडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून ती सोडावीच. दंतवैद्यकाच्या शिक्षणाची व उपचाराची राज्यातली प्रमुख संस्था म्हणजे बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय. ते १९८० साली सुरू झाले.

फुटबॉलच्या मैदानावर मार लागून कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो पुन्हा बसवता येतो. मुळाला चिकटलेले तंतू जिवंत राहणे ही त्यासाठीची अट. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, माती लागली असल्यास क्षणभर धुऊन जागच्या जागी बसवावा किंवा थंड दुधात ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. त्याने खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.