प्रोसेसरमधील उष्णता आणि वीजकार्यक्षमता

संगणकाच्या प्रोसेसरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेतच बदलते. पण तो किती वीज घेतो, किती तापतो आणि एका वॉटमागे किती काम करतो, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. नव्या चिपबद्दलचे बहुतेक गैरसमज या तिन्हींची गल्लत केल्याने होतात. २०२० नंतरचे डेस्कटॉप प्रोसेसर आधीच्यांपेक्षा स्पष्टपणे कार्यक्षम आहेत आणि तरीही ते जास्त तापतात.

वीज जाते कुठे : ट्रान्झिस्टर (चिपमधील सूक्ष्म स्विच) चालू-बंद होताना खर्च होणारी शक्ती धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता), व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता (सेकंदाला पडणारे ठोके, म्हणजेच वेग) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वर्ग फक्त व्होल्टेजचा आहे, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावे लागते. त्यामुळे शेवटचे काही शे मेगाहर्ट्‌झ फार महाग पडतात. समजा, एखादी चिप १.३५ व्होल्टवर ५.५ गिगाहर्ट्‌झने आणि १.१० व्होल्टवर ४.८ गिगाहर्ट्‌झने चालते. दुसऱ्या स्थितीत वेग सुमारे १३ टक्के घटतो, शक्ती मात्र ४२ टक्के. याशिवाय बंद ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह झिरपत राहतो. ही गळती तापमानाबरोबर वाढते, म्हणून तीच चिप त्याच वेगावर थंड ठेवली तर वीजही थोडी कमी घेते.

पूर्वपीठिका : आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले की, ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले तर दर चौरस मिलिमीटरमागची शक्ती तेवढीच राहते. सुमारे तीन दशके उद्योग या नियमावर वाढला. पुढे गळतीमुळे व्होल्टेज १ व्होल्टच्या आसपास अडकले आणि नियम कोलमडला. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे इंटेलचा २००४ चा ९० नॅनोमीटर (ट्रान्झिस्टरच्या आकाराची पिढी) तंत्रावरचा पेंटियम ४, ‘प्रेस्कॉट’. वारंवारता वाढवण्यासाठी त्याची पाइपलाइन (सूचना टप्प्याटप्प्याने पार पाडणारी साखळी) २० टप्प्यांवरून ३१ टप्प्यांवर नेली होती. ३.८ गिगाहर्ट्‌झला त्याची औष्णिक मर्यादा ११५ वॉटवर पोचली, आणि ४ गिगाहर्ट्‌झची जाहीर केलेली आवृत्ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द करावी लागली. २००६ मध्ये आलेला कोअर २ ड्युओ लॅपटॉपसाठीच्या पेंटियम एमच्या वंशातला होता. २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ६५ वॉट एवढ्यावर त्याने जुन्या ३.८ गिगाहर्ट्‌झच्या चिपला सहज मागे टाकले. एका ठोक्यात जास्त काम करणे हे ठोके वाढवण्यापेक्षा स्वस्त असते, हा धडा तेव्हापासून पक्का झाला. गळती रोखण्यासाठी इंटेलने २००७ मध्ये ४५ नॅनोमीटरला हाफ्नियमयुक्त थर आणि २०१२ मध्ये २२ नॅनोमीटरला उभ्या पात्यासारखे ट्रान्झिस्टर आणले.

तापमान का चढते : नव्या चिपमध्ये उष्णता फार लहान जागेत एकवटते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत (२०२२) गाभे (कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असलेला एकेक तुकडा सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा आहे. त्यातून ८० वॉट बाहेर पडत असतील, तर चौरस सेंटिमीटरमागे ११० वॉटहून अधिक होतात. १८ सेंटिमीटर व्यासाच्या, २००० वॉटच्या इंडक्शन शेगडीवर हाच आकडा ८ च्या आसपास असतो. एवढ्याशा जागेतून उष्णता झाकणापर्यंत पोचवणे हीच खरी अडचण. त्यामुळे मोठा कूलर बसवूनही अपेक्षेएवढा फरक पडत नाही. एएमडीने या मालिकेसाठी ९५ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा ठेवली आणि जड कामात चिप तिथपर्यंत जाईल अशीच रचना केली. म्हणून रायझन ९ ७९५०एक्स पूर्ण भारावर ९५ अंश दाखवत असेल तर तो बिघाड नव्हे.

वीजमर्यादा : खोक्यावरचा टीडीपी (कूलरने हटवायच्या उष्णतेचा वॉटमधला अंदाज) हा आकडा प्रत्यक्ष खप सांगत नाही, आणि खरेदी करताना नेमकी इथेच दिशाभूल होते. ७९५०एक्सचा टीडीपी १७० वॉट आहे, पण तो सॉकेटमधून (मदरबोर्डवरील त्याच्या खाचेतून) २३० वॉटपर्यंत घेऊ शकतो. इंटेल कोअर आय९-१३९००केची पायाभूत शक्ती १२५ वॉट आणि कमाल टर्बो (वाढीव वेगाची) शक्ती २५३ वॉट. त्यात अनेक महागड्या मदरबोर्डांनी ही मर्यादा मूळ स्थितीतच ४०९६ वॉट, म्हणजे व्यवहारात मोकळी ठेवली. कारखान्यातून येणारी ही मांडणी तुलनाचाचण्या जिंकण्यासाठी असते. घरी किंवा कचेरीत ती तशीच ठेवण्याचे कारण नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रायझनला इको मोड (कमी वीजमर्यादेची सोय) १०५ (सॉकेटला १४२ वॉट) किंवा ६५ (सॉकेटला ८८ वॉट) निवडावा. इंटेलला दीर्घ आणि अल्प मुदतीच्या दोन्ही मर्यादा १२५ ते १५० वॉटवर आणाव्यात. एका गाभ्याच्या कामात फरक जवळपास शून्य असतो. सगळे गाभे राबवणाऱ्या कामातही वेग शक्तीच्या मानाने फार कमी घटतो. १०० वॉटची बचत रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस झाली तर २४० युनिट वाचतात.

खोलीच्या तापमानाचा हिशेब : चिपचे तापमान = खोलीचे तापमान + (वॉट × औष्णिक रोध). औष्णिक रोध म्हणजे एका वॉटमागे किती अंश चढतात तो आकडा. चिपपासून हवेपर्यंतचा एकूण रोध वॉटमागे ०.३ अंश धरला, तर २५ अंशाच्या खोलीत २३० वॉटला चिप ९४ अंशांवर जाते. मे महिन्यात अकोला किंवा चंद्रपूरला पेटीत शिरणारी हवाच ४५ अंश असेल, तर त्याच कूलरवर ९५ अंशांच्या आत जेमतेम १६७ वॉट बसतात. उरलेली शक्ती प्रोसेसर स्वतःच कापतो, म्हणजे वेग उतरवतो. विदर्भात वातानुकूलनाशिवाय संगणक चालवायचा असेल तर मर्यादा आधीच १४२ वॉटवर ठेवणे शहाणपणाचे. पंख्याचा आवाजही उतरतो.

व्होल्टेज उतरवणे आणि त्यातले धोके : प्रत्येक चिपला कारखान्यातून थोडे जादा व्होल्टेज मिळते. रायझनमध्ये ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ (व्होल्टेज उतरवण्याची बायोसमधील सोय) उणे १० पासून सुरू करून पाचापाचाने खाली न्यावा. फसगत दोन ठिकाणी होते. एक, पूर्ण भाराची चाचणी तासभर टिकते आणि यंत्र मोकळे असताना अचानक रीस्टार्ट होते. कारण सर्वांत वरची वारंवारता हलक्या कामातच गाठली जाते. म्हणून हलक्या भारावर, एकेका गाभ्याची चाचणी घ्यावीच. दोन, पडद्यावरची वारंवारता तीच दिसते पण चाचणीचे गुण घटतात. अपुऱ्या व्होल्टेजमुळे चिप आतल्या आत ठोके ताणते, म्हणून निरीक्षणाच्या सॉफ्टवेअरमधला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्ष पडलेले ठोके) हा रकाना पाहावा.

उलट बाजूने, जास्त व्होल्टेज चिप झिजवते. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा कंपनीने वाढीव व्होल्टेज हे कारण मान्य केले. ऑगस्ट २०२४ मध्ये १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्या रोखणारा ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली सूचनावली) आला. बायोस अद्ययावत केल्यावर तो लागू होतो आणि पुढची झीज रोखायला मदत करतो. आधीच झिजलेली चिप त्याने सुधारत नाही, ती वॉरंटीत बदलूनच घ्यावी लागते.

मोजमाप : कार्यक्षमता वॉटने नव्हे, एका कामाला लागलेल्या ऊर्जेने मोजावी : सरासरी वॉट × सेकंद. २०० वॉट घेऊन १०० सेकंदांत संपणारे काम २०,००० जूल घेते. ९० वॉटवर १४० सेकंद लागले तर १२,६०० जूल. चाचणी किमान १० मिनिटे चालवावी, कारण पहिल्या मिनिटात इंटेलची अल्पकालीन मर्यादा लागू असू शकते आणि कूलरचा धातूही तोवर तापलेला नसतो. भिंतीवरच्या मीटरचा आकडा पॉवर सप्लायमधील तोटा धरून असतो, म्हणून तो सॉफ्टवेअरच्या आकड्याशी सरळ ताडून पाहू नये.